काचेवरचा दाणा

गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यावर काळे ठिपके दिसले, की आमच्या घरात कुणाला कॅलेंडर पाहावं लागत नाही. गळीत हंगाम सुरू झालेला असतो. बारामतीच्या कडेला, इंदापूर रस्त्यावर माझं घर आहे. कुठल्याशा कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली चिपाडाची काजळी वाऱ्यावर तरंगत येते आणि कपड्यांवर, कुंडीतल्या तुळशीवर, उघड्या वहीवर अलगद बसते. सून नवी होती तेव्हा ती हातानं झटकायची आणि कापडावर लांब काळी रेघ उमटायची. काजळी झटकायची नसते, फुंकायची असते. हे तिला मी सांगितलं. मला ते एका माणसानं सांगितलं होतं. त्या माणसाविषयी मला लिहायचं आहे. एकदा लिहून झालेलं आहे, पण ते नीट लिहिलं नव्हतं, म्हणून पुन्हा.

रस्त्यावर सकाळपासून ट्रॅक्टर चालू आहेत. एकेकाला दोन-दोन ट्रेलर, त्यांवर आभाळाला टेकेल एवढा ऊस, आणि कानठळ्या बसवणारी गाणी. एमआयडीसीत कामाला निघालेल्या मोटारसायकली त्यांच्या मागं रांगेनं अडकून राहतात. पूर्वी बैलगाड्या जास्त असत. पहाटे जाग यायची ती घुंगरांच्या आवाजानं. आता तो आवाज कमी झाला, पण मळीचा वास तोच आहे, गोड आणि आंबूस. उन्हं कलली की तो जमिनीलगत पसरतो. बाहेरगावचे पाहुणे नाक मुरडतात. मला तो वास आला की अभ्यास न करता परीक्षेला बसलेल्या मुलासारखं होतं. आयुष्यभर मी अशी मुलं पाहिली. ती खिडकीबाहेर बघतात. मीही बघतो.

मी मराठीचा शिक्षक होतो. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी इथल्या एका साप्ताहिकात मी 'कामाचं बोलणं' नावाचं सदर लिहीत असे. कष्ट करणाऱ्या माणसांनी आपल्या कामाविषयी आपल्याच तोंडानं बोलायचं, मी ते टेप करायचं आणि उतरवून छापायचं, एवढीच त्याची कल्पना. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर, आणि रविवारची एसटी. भिगवणजवळच्या डाळजला उजनीच्या काठावर जाळी विणणारी एक बाई म्हणाली होती, माशाला जाळं दिसत न्हाय, जाळ्याची सावली दिसती. इंदापूरच्या बाजारात डाळिंबं निवडणारे एक आजोबा प्रत्येक फळ कानाशी नेऊन टिचकी मारत आणि मगच कुठल्या ढिगात टाकायचं ते ठरवत. अशी माणसं भेटली की परतीच्या प्रवासात मला बसायला जागा मिळाली की नाही, हेही आठवत नसे. वाचकांना सदर आवडायचं. लोक रस्त्यात थांबवून बोलायचे. मलाही त्या दिवसांत मी फार आवडायचो.

या दिवाळीनंतर रूपाली नावाची एक मुलगी स्कूटीवरून आमच्या दारात आली. कॉलेजात शिकवते, डाळजचीच आहे. तिला त्या जुन्या सदराचं पुस्तक करायचं होतं आणि माझ्याकडच्या कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवून घ्यायच्या होत्या. जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या कॅसेटी मी तिला दिल्या. जाताना ती म्हणाली, "सर, पुस्तकाला नाव 'काचेवरचा दाणा' देऊ या का? तोच लेख सगळ्यांच्या लक्षात आहे." मी म्हटलं, बघू. ती गेल्यावर मी बराच वेळ फाटकाशी उभा होतो.

'काचेवरचा दाणा' हा सोपानतात्यांवरचा लेख. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ते मुख्य पॅनमन होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही; त्याचा काही दोष नाही. पॅन म्हणजे खोलीएवढं बंद पातेलं. त्यात उसाच्या रसाचा पाक उकळत असतो, आणि त्या पाकात साखरेचा दाणा धरण्याचं काम पॅनमनचं. मी पहिल्यांदा लोखंडी जिन्यानं वर गेलो तेव्हा गरम हवेनं चष्मा धुरकटला. पायाखालची जाळी थरथरत होती. पॅनच्या पोटात घट्ट काहीतरी गदगदत होतं, पुरणाच्या पातेल्यात येतात तसे बुडबुड्यांचे आवाज. तात्यांनी एक लांब दांडी पॅनमध्ये खुपसून बाहेर काढली, तिच्या टोकाचा पाक काचेच्या पट्टीवर पसरला आणि पट्टी दिव्यासमोर धरली. मान किंचित वाकडी करून ते किती तरी वेळ पाहत राहिले. मग तोच पाक अंगठा आणि बोटात धरून हळूच चोळला. "आला," म्हणाले, आणि एक चाक फिरवलं.

मला ते पट्टी उजेडाला धरणं फार आवडलं. बसमध्येच मी लेखाचं नाव ठरवलं.

ते हिवाळ्याचे दिवस होते. तात्यांची पहिली पाळी असली की मी दुपारी त्यांच्या क्वार्टरवर जायचो. दोन खोल्या, पुढं शेवग्याचं झाड, झाडाखाली बाज. अनुसयाकाकू चहा आणायच्या, तो गुळाचा. मी हसलो तर तात्या म्हणाले, "दिवसभर साखरंचं त्वांड बघतो मास्तर, घरी तरी दुसरं कायतरी नगं का?" बाजेवर काजळी पडायची. मी झटकली तेव्हाच त्यांनी मला फुंकायला शिकवलं. पॅनविषयी ते सुनेविषयी बोलावं तसं बोलत. तिला घाई चालत न्हाय. वाफ वाढवून घाई केली की मधीच बारीक पीठ पडतं, त्याला खोटा दाणा म्हणायचं. तो पडला की खऱ्या दाण्याची वाढ खुंटते. त्यांच्या पॅनला खोटा दाणा पडला असं कधी झालं नव्हतं. खालच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टची ते थट्टा करत: "सायबाच्या दुर्बिणीतनं रिपोट वर येस्तवर माझी साखर पोत्यात जाऊन शिवून हुती." हंगामातला पहिला पॅन उतरला की चिमूट-दोन चिमूट साखर उसाच्या पाल्यावर घेऊन ती कॉलनीतल्या मारुतीपुढं ठेवायची, मग फाटकापर्यंत जो भेटेल त्याच्या तळहातावर थोडी थोडी द्यायची, हा मान मुख्य पॅनमनचा. तो सांगताना त्यांचा तळहात आपोआप पुढं व्हायचा.

तिसऱ्या दुपारी काकू आत पीठ मळत होत्या. तात्या बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "बंद करा ते जरा, मास्तर."

मी बटण दाबलं. टेप खरंच बंद केला. एवढी एक गोष्ट मी त्या हंगामात नीट केली.

मग त्यांनी सांगितलं. दोन हंगामांपासून त्यांना समोरचं दिसत नव्हतं. कडेचं दिसायचं, मधोमध ढग. बारामतीच्या डॉक्टरनं आतला पडदा गेला म्हणून सांगितलं होतं, इलाज नव्हता. काचेवरचा दाणा त्यांना दिसतच नव्हता. पट्टी उजेडाला धरायचे ते बाकीच्यांसाठी, सवयीनं धरतात तशी. दाणा ते बोटात धरत होते. ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. साधंच वाक्य होतं, पण ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मग म्हणाले, "ह्यो शिझन आन् फुडचा. मग माझी नोकरी संपती. तवर पॅन माझ्याकडं ऱ्हाऊ द्या, म्हंजी मी माझ्या पायानं जिना उतरून जाईन. हे कुनाला ठावं न्हाय. हिला ठावं हाय, आन् आता तुमाला."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तात्या, निश्चिंत राहा."

परतीच्या बसमध्ये, सणसरच्या आसपास, मी पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. स्वतःला सांगितलं, विसरू नये म्हणून. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, याचा मला पुढं फार अनुभव आला. घरी गेल्यावर लेख लिहायला बसलो. काय अडचण होती ते लिहितो. लेख चांगला होता, पण त्या वाक्याशिवाय तो चांगल्या लेखांपैकी एक होता. त्या वाक्यानं तो थरारून उठत होता. नाव बदलता आलं असतं तर बदललं असतं, असं मी नंतर लोकांना सांगायचो. तेही खोटं आहे. नाव बदलायचा विचार मी केला नाही. फोटोसुद्धा छापला. पट्टी उजेडाला धरलेला.

अंक रविवारी निघाला. मी तो घेऊन त्याच दिवशी तात्यांकडे गेलो, कारण मला त्यांचा चेहरा बघायचा होता. शेवग्याखाली शेजारची दोन माणसं बसली होती. तात्यांनी अंक हातात घेतला, बोटांनी कागद चाचपला आणि परत माझ्याकडं दिला. "चष्मा कुठं पडलाय कुनाला ठावं. तुमीच वाचा मास्तर. समद्यांना ऐकू द्या."

मी वाचू लागलो. वर्गात वाचायचो तसं, खडा आवाज लावून. काकू दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. पट्टीचं वर्णन आलं, केमिस्टची थट्टा आली, माणसं हसली. आणि मग तो परिच्छेद डोळ्यांपुढं आला. माझ्या नावाखाली, काळ्या शाईत, हजारभर अंकांत छापलेला. मला तो वाचता आला नाही. मी थेट खालच्या परिच्छेदावर गेलो आणि पुढं वाचत राहिलो.

ते गाळणं कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. शेजारी म्हणाले, झकास. तात्यांनी बाजेवरची काजळी फुंकली. मग म्हणाले, "ब्येस लिव्हलंय. आवाज बी चांगला हाय तुमचा." काकूंनी मला दुसरा कप दिला. मी तो घेतला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. चीफ केमिस्टनं कौतुकानं लेखाचं कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. आठवड्याभरात डोळ्यांची तपासणी झाली. त्यात कुणाचं चुकलं म्हणता येणार नाही. उकळत्या पॅनवर न दिसणारा माणूस कोण ठेवील? मी पुष्कळ वर्षं याच वाक्यावर डोकं टेकून झोपलो. हंगाम अर्धा असताना तात्यांना जिन्यावरून खाली आणून फाटकावर बसवलं. बसून काम, लोक म्हणाले. सगळे हेच धरून चालले, की पेपरात नाव येतंय म्हणून तात्या हुरळले आणि आपल्या तोंडानं बोलून बसले. तात्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही की टेप बंद होता. मला त्या वर्षी एका वाचनालयानं शाल आणि श्रीफळ दिलं. शाल अजून आहे. चांगली ऊबदार आहे.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मी एका दुसऱ्या लेखासाठी त्या कारखान्यावर गेलो. फाटकाशेजारच्या टपरीत बाकावर बसून चहा पीत होतो. तात्या फाटकावर उभे होते. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं, ते आत येणाऱ्या गाड्या बघत होते. टपरीतला एक क्रेनवाला म्हणाला, "तात्या, फोटू लई भारी आल्ता. आता एक फाटकावर बी लावा." बाकीचे हसले. दुसरा म्हणाला, "सवताच्याच तोंडानं घालवलं. दुसऱ्याला काय बोल लावायचा?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी टेप बंद करायला सांगितला होता. सहा शब्द. शाळेत मी पोरांना एका दमात मोठमोठे उतारे म्हणून दाखवायचो. मी चहा संपवला. कपाच्या तळाशी राहिलेली साखर बोटानं काढून खाल्ली. ते सुद्धा आठवतं.

तेवढ्यात आतून नवा पॅनमन आला. हातात उसाचा पाला, पाल्यावर साखर. मारुतीला ठेवून तो वाटत वाटत फाटकापर्यंत आला आणि तात्यांच्या तळहातावर त्यानं चिमूट ठेवली. तात्यांनी ती तोंडात टाकली नाही. अंगठा आणि बोटात धरून चोळली. टपरीतलं हसू थांबलं.

"बरा बसलाय," तात्या म्हणाले. "पर घाई केलीस. मधीमधी खोटा हाय."

"व्हय तात्या," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

मग तात्यांनी मान वळवली. कडेच्या नजरेत मी कसा सापडलो कोण जाणे. म्हणाले, "मास्तर, आज टेप हाय का पिशवीत?"

"नाही, तात्या."

"मग बसा निवांत."

त्यानंतर मी त्या रस्त्याला गेलो नाही. सदर आणखी दोनेक वर्षं चाललं, पण माणसं बोलायला लागली की माझं लक्ष त्यांच्या हातांकडं जाई आणि मला ऐकू येईनासं होई. तात्या सहा वर्षांपूर्वी गेले, हे मला कुणाकडून तरी कळलं.

मागच्या आठवड्यात रूपाली पुन्हा आली. सगळ्या कॅसेटी तिनं ऐकल्या होत्या, प्रत्येक लेख टेपशी ताडून पाहिला होता. इतकी मेहनत मी स्वतः कधी केली नव्हती. मोबाइल पुढं करून तिनं मला तात्यांचा आवाज ऐकवला. केमिस्टची थट्टा, मधेच कपबशीचा आवाज, लांबून भोंगा. मग 'बंद करा ते जरा, मास्तर.' आणि बटणाचा खट्. त्यानंतर टेप चालू होतो तेव्हा बोलणं पाण्याच्या नळाविषयी आहे.

"सर," ती म्हणाली, "लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य टेपवर नाहीये. दुसरी कॅसेट आहे का?"

तिच्या मनात काही नव्हतं. ती खरंच कॅसेट शोधत होती. मी म्हणालो, असेल कुठंतरी, बघतो. एवढं वय झालं तरी पहिलं तोंडात आलं ते खोटंच.

दोन दिवसांनी मी मुलाला गाडी काढायला सांगितली आणि अनुसयाकाकूंकडे गेलो. कारखान्यापासून आठ-दहा किलोमीटरवर त्या थोरल्या मुलापाशी असतात. अंगणात तूर वाळत घातली होती. काकू पाटीत तूर निवडत बसल्या होत्या, पाठीला बाक आलेला. मी नाव सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही. "आवाजावनं वळखलं," म्हणाल्या. "बसा."

मी जुना अंक नेला होता. त्यांना म्हणालो, त्या दिवशी मी हे पूर्ण वाचलं नव्हतं. एक परिच्छेद गाळला होता. आज वाचून दाखवायला आलोय.

"ठावं हाय," काकू म्हणाल्या. "तुमी गेला आन् ह्यांनी मला सांगितलं, मास्तरनी मधी उडी मारली. पॅन मधीच गप झाला तर कळत न्हाय व्हय मला, असं म्हनले. मग शेजारच्या मंदीकडनं वाचून घेतलं. त्याच दिवशी."

म्हणजे नोटीस बोर्डाच्या आधीच. फाटकाच्या आधी. टपरीच्या आधी.

"मी म्हनलं, जावा, भांडा त्या मास्तराशी. तर म्हनले, त्येला वाचाय लाज वाटली न्हवं? मग यील तो आपनहून." काकूंनी पाटीतला एक खडा उचलून बाहेर टाकला. "लई वर्सं वाट बघितली त्यांनी तुमची. बाज बी दारातच टाकायचे."

आत कुणीतरी चहा ठेवला होता. मला तो नको होता आणि नको म्हणायची हिंमत नव्हती. मी अंक उघडला. काकू म्हणाल्या, "आता वाचू नगा. माझं मला ठावं हाय ते काय बोलले ते."

मी विचारलं, नवीन पुस्तक निघतंय, त्यात काय करू?

"ते तुमाला सांगितलं हुतं. पेपराला न्हाय. काढा ते."

"आणि त्या जागी?"

काकूंनी थोडा विचार केला. "त्यांनी काय केलं ते लिवा. बंद करा म्हनले न्हवं? त्येवढं लिवा. लोकं त्यांनाच बोलत्यात अजून."

चहा आला. गुळाचाच होता. मी प्यायलो. निघताना मी वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. मी ते मान्य केलं.

आज सकाळी रूपालीला लेख परत दिला. तो परिच्छेद मी काट मारून काढून टाकला आहे. या लिखाणातही ते वाक्य मी कुठं दिलेलं नाही, वाचणाऱ्यांनी शोधू नये. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिचा मोबाइल टेबलावर पालथा होता, तो तिनं आधीच बंद करून दाखवला होता. शेवटी म्हणाली, "पण सर, ते वाक्य गेल्यावर लेख जरा साधा होतोय." मी म्हटलं, होऊ दे.

कागदावर काजळीचा एक ठिपका येऊन बसला होता. तिनं हात उचलला, मी तिला थांबवलं आणि फुंकर मारली.

पुस्तकात त्या जागी आता दोनच ओळी असतील. 'इथं सोपानतात्यांनी टेप बंद करायला सांगितला. मी तो बंद केला.' एवढ्यावर थांबणं तेव्हाही जमण्यासारखं होतं.